घरच्या घरी एच.आय.व्ही. चाचणी : पती-पत्नी दोघांसाठी

गरोदरपणातील नियमित तपासणीत स्त्रीची एच.आय.व्ही. चाचणी होते, पतीची मात्र पुष्कळदा राहून जाते. नायगाव परिसरातून कामधंद्यासाठी बाहेरगावी राहणाऱ्या पुरुषांना तर दवाखान्याची वेळ साधणेच कठीण जाते. परिणामी, ज्याचे निदान आधी झाले त्याच्याच माथी दोष मारला जातो, आणि ती बहुधा घरातील सूनच असते. वास्तविक, निदान आधी होणे म्हणजे संसर्ग आधी होणे नव्हे. दोघांचीही चाचणी होणे हाच यावरील न्याय्य उपाय होय, आणि येथेच स्व-चाचणीचा उपयोग आहे.

स्व-चाचणी म्हणजे काय?
बोटातील रक्ताचा थेंब किंवा हिरड्यांवरील द्रव घेऊन त्यातील प्रतिपिंडे ओळखणारी ही चाचणी साधारण २० मिनिटांत निष्कर्ष दाखविते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये तिची शिफारस केली. त्याच वर्षी केनियातील किसुमु येथील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे गरोदर व नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांकडे चाचणीचे संच दिले असता सुमारे ९१ टक्के जोडीदारांची चाचणी झाली. केवळ दवाखान्यात येण्याचे निमंत्रण दिले असता सुमारे ५२ टक्केच.

निष्कर्षानंतर
स्व-चाचणी हे अंतिम निदान नव्हे. संसर्ग दिसल्यास शासकीय समुपदेशन व चाचणी केंद्रात पुन्हा तपासणी करून खात्री करावी. संसर्ग न दिसल्यासही, अलीकडे जोखीम घडली असेल तर तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी. ए.आर.टी. औषधे घेणाऱ्यांनी स्व-चाचणी करू नये. निष्कर्ष चुकीचा येऊ शकतो.

निदान पक्के झाल्यास उपचार ताबडतोब सुरू होतात. शासकीय ए.आर.टी. केंद्रांत, उदाहरणार्थ नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, औषधे विनामूल्य मिळतात. नियमित औषधाने रक्तातील विषाणू तपासणीत आढळू नये इतके कमी झाले व तसेच राहिले, तर लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. मातेने उपचार घेतल्यास बाळाच्या संसर्गाचा धोका १५ ते ४५ टक्क्यांवरून ५ टक्क्यांहून खाली येतो. संसर्ग नसलेल्या जोडीदाराने निरोधाबरोबरच प्रतिबंधक औषधांविषयी डॉक्टरांना विचारावे. जोखीम नुकतीच घडली असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जावे. तेव्हा सुरू केलेला २८ दिवसांचा औषधोपचार संसर्ग टाळू शकतो.

संमती व सुरक्षितता
२०१७ च्या एच.आय.व्ही. व एड्स कायद्यानुसार संमतीवाचून चाचणी करता येत नाही. जोडीदाराला माहिती दिल्याने हिंसा किंवा घराबाहेर काढले जाण्याची वाजवी भीती असेल, विशेषतः स्त्रीच्या बाबतीत, तर डॉक्टरांनी ती देऊ नये, असेही त्यात म्हटले आहे. म्हणून पत्नीवर पतीची चाचणी करवून घेण्याची सक्ती नको. ज्या घरात भीती आहे, तेथे आधी समुपदेशकाचा सल्ला घ्यावा. शासनाची १०९७ ही हेल्पलाइन विनामूल्य आहे.

निष्कर्ष कोणाचाही काहीही येवो, केंद्रापर्यंत दोघांनी मिळून जावे आणि घरच्यांनी दोष शोधण्याऐवजी साथ द्यावी, ही आमची सर्वांना नम्र विनंती.