आलेले आणि इथलेच
(अभ्यासपाठ. वाचनासाठी शास्त्रभाग: लेवीय अध्याय २५, १ राजे अध्याय २१, यिर्मया अध्याय २९)



गेल्या तिमाहीत एका मंडळीत सेवाकार्याचा अहवाल सांगायला गेलो होतो. भक्तीनंतर चहा घेताना एक ज्येष्ठ सभासद जवळ आले. ते या कामाचे जुने देणगीदार आहेत. त्यांनी मोकळेपणाने विचारले, "भाऊ, राग मानू नका. मारवाडातून माणसं हातात लोटा घेऊन आली आणि दोन पिढ्यांत बाजारपेठ उभी केली. तुमचे भिल्ल तर इथलेच. मग ते अजून तिथंच का? आपण दिलेलं जातं कुठं?"

मला राग आला नाही. हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो, विचारतात थोडे. त्या वेळी मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिले आणि परतीच्या एसटीत मला त्याची लाज वाटली. म्हणून या अंकाचा अभ्यासपाठ याच प्रश्नावर लिहीत आहे.

१. टेंभुर्णीत काय दिसते

जाफ्राबाद तालुक्यातले आमचे टेंभुर्णी हे एका झाडाच्या नावाचे गाव. टेंभुर्णीचे पान विडीसाठी खुडले जाते आणि फळ रानातला माणूस खातो. ज्यांना त्या झाडाची, नदीतल्या माशाची आणि रानातल्या कंदाची सगळ्यांत जुनी ओळख, ती भिल्ल कुटुंबे आज गावाच्या कडेला, बहुधा गायरानावर राहतात. मजुरी, सालगडीपण, थोडी मासेमारी आणि ऊसतोड यांवर त्यांचे घर चालते.

बाजारपेठेत मात्र बाहेरून आलेल्या घराण्यांची दुकाने आहेत. जालना शहरात हे चित्र आणखी ठळक दिसते. "जालना सोने का पालना" ही म्हण ज्या व्यापारावरून पडली, त्यात राजस्थान आणि गुजरातकडून आलेल्या व्यापाऱ्यांचा मोठा हात होता.

मी एका किराणा दुकानदाराला त्यांच्या आजोबांची गोष्ट विचारली. आजोबा पोरवयात आले आणि तीन वर्षे नात्यातल्या एका माणसाच्या दुकानात राबले. तिथेच जेवले, तिथेच पोत्यांवर झोपले. पुढे त्याच नातेवाइकाने त्यांना पहिला माल उधारीवर भरून दिला. व्याज नाही, तारण नाही. "विकून झालं की दे," एवढाच करार. दुकानदार हे अभिमानाने सांगत होते, आणि अभिमान रास्तच आहे. पण लोट्याच्या गोष्टीत हा नातेवाईक कधी येत नाही. आजोबांच्या हातात लोटा होता, आणि पाठीशी पत होती.

आता भिल्ल कुटुंबाची पत पाहा. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा त्यांना पैसा कोण देतो? मुकादम. ती 'उचल'. नवराबायकोचा मिळून एक 'कोयता' धरला जातो. दिवाळी झाली की कोयता पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात साखर कारखान्याच्या फडावर जातो. उचल फिटेपर्यंत त्याला मोकळीक नाही आणि फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर चढते. लहान मुले बरोबर जातात, शाळा मागे राहते.

कर्ज दोघांनीही घेतले. एकाच्या कर्जातून दुकान उभे राहिले, दुसऱ्याच्या कर्जात त्याचे येणारे सहा महिने आधीच विकले गेले. मेहनत मोजायची तर फडावर पहाटे मोळी बांधणारी बाई कुणापेक्षाही कमी राबत नाही.

२. शहाद्याचा धडा

हीच गोष्ट जमिनीच्या बाबतीत कशी घडली, हे पाहायला खानदेशात जाऊ. आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा-तळोदा भागात भिल्ल आणि पावरा यांची जुनी वस्ती. तापीकाठच्या काळ्या जमिनीवर गुजरातकडून पिढ्यांपूर्वी आलेले शेतकरी स्थिरावले. ते कसबी आणि संघटित होते. त्यांनी विहिरी खणल्या, बागायत केली, सहकारी संस्था उभ्या केल्या. हे सगळे खरे. त्याच काळात आदिवासींच्या जमिनी सावकारी आणि गहाणखतांतून हातच्या गेल्या, आणि मालक आपल्याच वावरात सालदार झाला, हेही तितकेच खरे. अंगठा कुठे उमटवला, ते त्याला वाचता येत नव्हते.

१९७१ मध्ये शहादा तालुक्यातल्या पाटीलवाडीत आदिवासींवर गोळीबार झाला. १९७२ मध्ये तिथे भूमुक्तीची चळवळ उभी राहिली आणि श्रमिक संघटना स्थापन झाली. त्या उठावाचा कणा होता अंबरसिंग सुरतवंती, त्याच मातीतला भिल्ल तरुण. त्याच चळवळीत आदिवासी बायकांनी दारूच्या भट्ट्यांविरुद्ध मोहीम काढली. कोणी बाहेरचा सुधारक येण्याची त्यांनी वाट पाहिली नाही.

महाराष्ट्र शासनाने १९७४ मध्ये आदिवासींना जमीन परत देण्याचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगर-आदिवासीकडे गेलेली जमीन परत करण्याची त्यात तरतूद आहे. त्यापुढे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय असा व्यवहार करता येत नाही, असेही ठरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८४ मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला. राज्याच्या विधिमंडळाला आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला जर जमीन परत देणे न्याय्य वाटले, तर "ते मागे का राहिले" या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच मिळते.

३. कॅनडाची तुलना

आपल्यापैकी काहींची मुले कॅनडात आहेत. तिथे भारतीय कुटुंबे शिकलेली आणि स्थिरावलेली दिसतात. तिथल्या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांत मात्र गरिबी, व्यसन आणि आत्महत्या जास्त. पाहुणा वर आणि घरधनी खाली, असे तिथेही बोलले जाते.

पण कॅनडाने १९६७ मध्ये गुणांची पद्धत आणली. शिक्षण, भाषा आणि कसब पाहून गुण द्यायचे आणि ज्याला ते पुरेसे मिळतील त्याला येऊ द्यायचे. म्हणजे आपली मुले निवडून घेतलेली आहेत. मूळ रहिवाशांना १८७६ च्या इंडियन कायद्याने राखीव वस्त्यांत बांधले. आपली कायदेशीर ओळख न सोडता देशाच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क त्यांना १९६० मध्ये मिळाला. निवडून आणलेल्यांची सरासरी आणि बांधून ठेवलेल्यांची सरासरी शेजारी ठेवून कोण हुशार हे ठरवणे म्हणजे एकाचे पाय बांधून शर्यत लावणे होय.

इथे आपल्याला मान खाली घालावी लागते. त्या देशातल्या निवासी शाळांत सुमारे दीड लाख मुले आईबापांपासून तोडून ठेवली गेली, त्यांची भाषा बंद केली गेली आणि कितींवर अत्याचार झाले. त्यांतल्या बहुतेक शाळा चर्च चालवत होत्या. तिथल्या सत्यशोधन आयोगाचा अंतिम अहवाल २०१५ मध्ये आला. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी त्याआधीच क्षमा मागितली होती. २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही तिथे जाऊन क्षमा मागितली. चांगल्या हेतूने दिलेली देणगीसुद्धा घाव करू शकते, हे आपण वसतिगृह चालवणाऱ्यांनी विसरू नये.

४. तुलना करताना लक्षात ठेवायच्या चार गोष्टी

पहिली: कोण निघाले? गाव सोडून दूर जाणारा बहुधा धाडसी असतो, आणि त्याला वाट दाखवणारे पुढे कोणीतरी असते. जे तिकडेच राहिले ते आपल्याला दिसत नाहीत. आपण त्यांच्यातल्या निवडक माणसांची तुलना इथल्या सगळ्या माणसांशी करतो.

दुसरी: कोणत्या अटीवर आले? आलेले सगळे सुखी नाहीत. जालन्याच्या लोखंड कारखान्यांत बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेले मजूर भट्टीच्या आचेत काम करतात आणि एका खोलीत दाटीवाटीने राहतात. तेही परप्रांतीयच. आणि ऊसतोडीला गेलेला आमचा भिल्ल तिकडे गेल्यावर स्थलांतरितच असतो. त्याची दोन पिढ्यांत बाजारपेठ झाली नाही.

तिसरी: कागद कोणाकडे? व्यापाऱ्याच्या घरात चोपड्या असतात, दाखले असतात. आदिवासी मुलाला जात पडताळणीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. ज्याचा आजोबा शाळेत गेला नाही आणि ज्याच्या नावे सातबारा नाही, तो काय दाखवणार? बारावी झालेल्या एका मुलाबरोबर मी वर्षभर खेटे घातले. गावातले सगळ्यांत जुने घर त्याचे, आणि आपण इथले आहोत हे सिद्ध करता येत नव्हते त्यालाच.

चौथी: काय मोजले? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३ टक्के, तर अनुसूचित जमातींची ६५.७ टक्के होती. आदिवासी स्त्रियांची त्याहूनही कमी, ५७ टक्क्यांच्या घरात. हे अंतर झाकून चालणार नाही. पण त्याच जनगणनेत राज्यात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या आणि अनुसूचित जमातींत ९७७. भिल्लांत मुलीच्या बापाला हुंडा द्यावा लागत नाही, उलट मुलाकडचे देज देतात. देजालाही दोष आहेत, त्यापायी कर्ज होते. तरी लेक जन्मली म्हणून वस्तीवर सुतक पडलेले मी पाहिले नाही. दुकानांची संख्या मोजली तर आपण पुढे आहोत, लेकींची मोजली तर कदाचित त्यांच्याकडून शिकावे लागेल.

वस्तीत दोष नाहीत असे मी म्हणत नाही. दारू आहे, कोवळ्या वयात लग्ने आहेत, लग्नाच्या जेवणावळीसाठी घेतलेली उचल आहे. पण हे दोष म्हणजेच पूर्ण कारण, असे मानू नये.

५. शास्त्र काय शिकवते

नाबोथाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. अहाब राजाने त्याला द्राक्षमळ्याच्या बदल्यात पैसे किंवा दुसरा चांगला मळा देऊ केला. व्यापाराच्या हिशेबाने सौदा वाईट नव्हता. नाबोथ नाही म्हणाला, कारण ते वाडवडिलांचे वतन होते. मग ईजबेलीने काय केले? राजाच्या नावाने पत्रे लिहिली आणि त्यांवर मोहोर केली. जमीन गेली ती आधी कागदावर. एलीयाला पाठवून देवाने अहाबाला त्याचा जाब विचारला.

लेवीयातला पंचविसावा अध्याय योबेल वर्षाचा आहे. विकलेली जमीन पन्नासाव्या वर्षी मूळ कुटुंबाकडे परत जावी, कारण जमीन देवाची आणि आपण सगळे त्याच्यापाशी उपरे. १९७४ चा कायदा मी प्रथम वाचला तेव्हा मला हाच अध्याय आठवला.

पण हेच शास्त्र परक्याचीही बाजू घेते. मवाबी रूथ परदेशी होती, आणि बवाजाच्या शेतात तिला सरवा वेचू दिला गेला. यिर्मयाने बाबेलातल्या बंदिवानांना लिहिले की तिथे घरे बांधा, बागा लावा आणि त्या नगराचे हित पाहा. म्हणून आलेल्यांचा द्वेष करणे हा आपला मार्ग नाही. आलेल्याने नगराचे हित पाहावे, आणि इथल्याचे वतन कोणी गिळू नये. देव दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागतो.

६. मग आपण काय करावे

आपल्या जालन्यातच याचे जुने उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले आणि पुढे जालन्याला आले. म्हणजे तेही आलेलेच! त्यांनी हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल गाव वसवले. गावाबाहेर ठेवलेल्या माणसाला उपदेशाबरोबर पायाखाली जमीन आणि हाताला काम हवे, हे त्यांनी ओळखले होते.

त्या सभासदांना मी आता असे उत्तर देईन: काका, तुमचे पैसे तीन ठिकाणी जावेत. मुलाला आजीजवळ ठेवून हंगामात त्याची शाळा चालू राहावी यासाठी. दाखले काढण्यासाठी, म्हणजे जुने शाळेचे रजिस्टर शोधणे, नकला आणि प्रवासखर्च. आणि बायकांच्या बचत गटासाठी, म्हणजे पावसाळ्यात मुकादमाच्या दारी जावे लागणार नाही. दुकानदाराच्या आजोबांना जो नातेवाईक भेटला, तो या कुटुंबांना मंडळीच्या रूपाने भेटावा. आपण एकमेकांना बंधुभगिनी म्हणतो, त्याचा हिशेब इथे द्यायचा आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. माझ्या कुटुंबाला वर येताना कोणाची पत, कोणाचा दाखला, कोणाची ओळख उपयोगी पडली?
२. माझी शेती, प्लॉट किंवा घर पूर्वी कोणाचे होते? ते कसे आले?
३. आपल्या मंडळीच्या गावात ऊसतोडीचा तळ पडतो का? तिथे आपल्यापैकी कोण कधी गेले?
४. आपण देतो त्या मदतीत घेणाऱ्याची भाषा आणि मान राखला जातो का?

प्रार्थना

हे प्रभू, तूही डोके टेकायला जागा नसलेला वाटसरू होतास. आलेल्यांना कृतज्ञ कर आणि इथल्यांना त्यांचे वतन दे. यंदा फडावर गेलेल्या कोयत्यांना सुखरूप परत आण, आणि त्यांची लेकरे शाळेच्या हजेरीत राहू दे. आमेन.