व्यसनमुक्तीची वाट

संस्कृत भाषेत ‘व्यसन’ या शब्दाचा एक अर्थ ‘संकट’ असा आहे. दारू किंवा गर्द यांच्या पाशात सापडलेल्या मनुष्यावर आणि त्याच्या घरावर खरोखर संकटच कोसळलेले असते. परंतु पुरात सापडलेल्याला लोक जसा हात देतात, तसा व्यसनी मनुष्याला सहसा कोणी देत नाही. ‘त्याने मनात आणले तर तो आज सोडील,’ असे म्हणून सारे मोकळे होतात.

वस्तुतः व्यसनाधीनता हा एक आजार आहे. प्रारंभी मनुष्य कुतूहलाने, मित्रांच्या आग्रहाने किंवा दुःखाचा विसर पडावा म्हणून मादक पदार्थ घेतो. त्यामुळे त्याला क्षणभर बरे वाटते. पुढे मेंदूला त्याची सवय जडते आणि पूर्वीच्या मात्रेने भागेनासे होते. पदार्थ मिळाला नाही, तर हात कापतात, झोप उडते, जीव कासावीस होतो. मग तो सुखासाठी नव्हे, तर हा त्रास टाळण्यासाठी व्यसन करीत राहतो. फार दिवस पुष्कळ दारू पिणाऱ्याने ती एकाएकी सोडली, तर प्रसंगी प्राणावरही बेतते. म्हणूनच नुसती शपथ पुरेशी होत नाही. डॉक्टरांचे साहाय्य घ्यावे लागते.

हे ओळखून महाराष्ट्रात मोलाचे कार्य झाले आहे. १९८० नंतरच्या काळात पुण्यातील अनेक तरुण गर्दच्या आहारी गेले. लेखक अनिल अवचट यांनी त्यांची दुर्दशा आपल्या लेखांतून मांडली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई व्यथित झाले. उपचारकेंद्र उभे राहावे म्हणून त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी ही जबाबदारी उचलली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यास मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले; त्यांचे कार्य मात्र पुढे चालू राहिले. व्यसनातून बाहेर पडलेले कित्येक जण तेथे नव्याने आलेल्यांना धीर देतात. घरच्या माणसांनाही तेथे मार्गदर्शन मिळते.

घरच्यांना मार्गदर्शन कशासाठी, असा प्रश्न कोणास पडेल. वडील नशेत पडून राहिले की आई कचेरीत ‘त्यांना ताप आला आहे’ असा निरोप धाडते. थोरला भाऊ गुत्त्यावरची उधारी फेडतो. हे सारे प्रेमापोटीच घडते. परंतु त्यामुळे व्यसनाचे परिणाम झाकले जातात आणि व्यसन वाढतच जाते. याउलट रात्रंदिवस टोचून बोलल्यानेही काही साधत नाही. नशा उतरल्यावर शांतपणे बोलावे, पैसे देण्यास ठामपणे नकार द्यावा, खोटे बोलू नये आणि उपचारांसाठी मात्र सोबत जावे, यातच खरी माया आहे.

उपचार घेऊन परतलेला मनुष्य कधी कधी पुन्हा घसरतो. तेव्हा ‘सारे व्यर्थ गेले’ असे समजू नये. दुखणे उलटले म्हणजे आपण पुन्हा औषध देतो. येथेही तसेच करावे. ‘जन्मभर पिणार नाही’ ही प्रतिज्ञा डोंगराएवढी वाटते. ‘आजचा दिवस पिणार नाही’ हा निश्चय पेलवतो. अशा एकेका दिवसानेच वर्षे घडतात.

अशा घरातील मुलांना वाटते, ‘मी नीट वागलो असतो, तर बाबा प्याले नसते.’ हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. वडिलांच्या व्यसनाला मूल कारण नसते आणि ते सोडविण्याचा भारही त्याच्या शिरावर नसतो. मनातील दुःख आजी, मामा किंवा शिक्षक यांच्यापैकी विश्वासाच्या माणसाजवळ बोलून दाखवावे. घरात भय वाटत असेल, तर १०९८ या क्रमांकावर मुलांना साहाय्य मिळते. आजाराची लाज बाळगू नये. लपविलेले दुखणे वाढते. सांगितलेल्या दुखण्यावर उपाय सापडतो.

स्वाध्याय

१. व्यसनाधीनतेला आजार का म्हणावे?
२. प्रेमापोटी केलेली कोणती मदत व्यसन वाढविते?
३. ‘आजचा दिवस’ या निश्चयाचे महत्त्व तुमच्या शब्दांत लिहा.