जांगल देशाचे जाणकार : बारामती–इंदापूरच्या माळावरील औषधीज्ञान आणि आधुनिक पर्यावरणशास्त्र

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्या अध्यायाच्या अखेरीस औषधींच्या ज्ञानाविषयी जे विवेचन आले आहे, ते आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केलेले असते आणि परीक्षा संपताच बहुधा विसरलेलेही असते. अजप, अविप आणि गोप, म्हणजे शेळ्या, मेंढ्या व गाई राखणारे लोक, तसेच इतर वनवासी हे औषधींना नाव व रूप यांनी ओळखतात, असे आचार्य तेथे स्पष्ट सांगतात. त्यापुढील विधान अधिक महत्त्वाचे आहे. केवळ नावरूप जाणल्याने औषधीचे ज्ञान पूर्ण होत नाही. जो नावरूपासह तिची योजना जाणतो तो तत्त्ववेत्ता, आणि जो देश, काल व प्रत्येक रुग्ण पाहून ती योजतो तो श्रेष्ठ वैद्य होय.

येथे आचार्यांनी मेंढपाळाला हलके ठरविलेले नाही. त्यांनी कामाची वाटणी केली आहे. वनस्पती कोठे, केव्हा आणि कोणत्या रूपात आढळते हे विचारावयाचे ते मेंढपाळाला. तिचा उपयोग ठरवावयाचा तो वैद्याने. आज या दोघांच्या जोडीला तिसरा जाणकार उभा आहे. तो म्हणजे मोजणी करणारा पर्यावरणशास्त्रज्ञ. ती वनस्पती किती आहे, वाढते आहे की घटते आहे आणि का, हा त्याचा प्रश्न. या तिघांनी आपापल्या प्रश्नापुरते एकत्र कसे यावे, याचा विचार आपल्या बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात करण्याचा हा प्रयत्न आहे.

माळ म्हणजे पडीक नव्हे

हा प्रदेश पर्जन्यछायेतील आहे. वार्षिक पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. कडबनवाडी, शिर्सुफळ, सुपे या भागांत अद्याप टिकून असलेली माळराने पाहिली की कल्पस्थानातील जांगल देशाचे वर्णन डोळ्यांसमोर उभे राहते : मोकळे आकाश, विरळ काटेरी वृक्ष, खैर, बोर, शमी, कोरडा वारा, कणखर शरीराची माणसे. ‘जंगल’ या आजच्या शब्दामुळे आपला गोंधळ होतो. परंतु आयुर्वेदातील ‘जांगल’ म्हणजे घनदाट अरण्य नव्हे, तर असाच कोरडा, उघडा गवताळ प्रदेश होय. फ्रेंच अभ्यासक फ्रान्सिस झिमरमन यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा मुद्दा विस्ताराने मांडला आहे. आपल्याच संहितेतील शब्दाचा अर्थ परक्याने आपल्याला समजावून द्यावा, याचा थोडा संकोच वाटतो खरा.

औषधिद्रव्य जांगल किंवा साधारण देशातून घ्यावे, असे कल्पस्थान सांगते. सरकारी दप्तरात मात्र हाच देश दीर्घकाळ ‘पडीक’ या सदरात मोडत आला. पडीक म्हटले की तो सुधारावयाचा, आणि सुधारणे म्हणजे झाडे लावणे किंवा पाणी आणणे. झाडांच्या सावलीत गवत मरते, आणि गवतासोबत त्याच्या आधाराने वाढणाऱ्या लहान औषधीही जातात.

पाण्याची कथा जुनी आहे. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि बारामतीचे भाग्य पालटले, यात शंका नाही. परंतु अवघ्या पंचवीस वर्षांत, १९१० साली, हॅरॉल्ड मान व व्ही. ए. तम्हाणे यांना नीरा खोऱ्यातील खारावलेल्या जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. पुढे १९८० मध्ये भीमेवर उजनी धरण पूर्ण झाले आणि भिगवणच्या परिसरात विस्तीर्ण जलाशय पसरला. तेथे रोहित पक्षी येऊ लागले. पर्यटक त्यांची छायाचित्रे काढतात. वैद्याच्या भाषेत बोलावयाचे तर जांगल देशाच्या पोटात आनूप देश तयार झाला. या बदलाने वनस्पतींत काय फरक पडला, याची नोंद आपल्यापैकी कोणी ठेवली आहे काय?

वडापुरीचा अभ्यास

ज्यांनी लोकांचे ज्ञान आणि शास्त्रीय मोजणी यांची सांगड घालण्याचा प्रयत्न केला, त्यांतील एक उल्लेखनीय प्रयत्न इंदापूर तालुक्यातीलच आहे, हे अनेक वाचकांना ठाऊक नसेल. मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी सहकाऱ्यांसह १९७० व १९८० च्या दशकांत महाराष्ट्रातील भटक्या समाजांचा अभ्यास केला. वडापुरी येथे एकत्र येणारे तिरुमल नंदीवाले, तसेच फासेपारधी आणि वैदू हे तीन समाज त्यात होते. हे तिघेही शिकार करीत. पण एकाच प्रदेशात फिरत असूनही त्यांच्या शिकारीचे प्राणी व रीती वेगळ्या होत्या. नंदीवाले कुत्र्यांच्या साहाय्याने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे जात. फासेपारधी फास लावून हरणे आणि तित्तिर, लावा यांसारखे पक्षी धरीत. वैदू मुंगूस, उदमांजर यांसारखे लहान मांसाहारी प्राणी सापळ्यात पकडीत, तसेच नदीओढ्यांतील कासवे व खेकडेही.

एकेका संपत्तीवर एकेका समाजाचा हक्क असेल तर ती उद्याही टिकावी यात त्या समाजाचा स्वार्थ असतो, हे गाडगीळ–मल्होत्रा यांचे प्रतिपादन. हा संयम जाणूनबुजून पाळलेला होता की केवळ परिस्थितीने घडलेला, यावर अभ्यासकांत मतभेद संभवतात. प्रस्तुत लेखकास हा वाद दुय्यम वाटतो. महत्त्वाचे हे की, या लोकांना कोणी ‘तुमची श्रद्धा काय’ असे विचारून थांबले नाही; काय धरता, कोठे, कशाने, असे प्रश्न विचारून उत्तरे टिपली गेली आणि मग त्यांतून सिद्धान्त मांडला गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर यांतील बरीचशी कौशल्ये गुन्हा ठरली. कायदा आवश्यकच होता. परंतु माळ वाचता येणारी नजर त्यासोबत निरुपयोगी ठरली, याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही.

यांतील वैदू समाजाबद्दल आपण अधिक बोलावयास हवे. ‘वैद्य’ आणि ‘वैदू’ या दोन शब्दांत अंतर फार थोडे, पण आपल्या बोलण्यात ‘वैदू’ हा शब्द उपहासानेच येतो. रस्त्याच्या कडेला बसून जडीबुटी विकणाऱ्या वैदूचे सगळे दावे मान्य करावेत, असे मुळीच म्हणावयाचे नाही. त्यांतील काही घातकही असतात. परंतु तोच वैदू जी तुंबडी लावतो ती सुश्रुतोक्त शृंग व अलाबू यांचीच परंपरा नव्हे काय? दाव्याची परीक्षा करावी. माणसाची टवाळी कशासाठी?

शंखपुष्पीचा धडा

आता व्यवसायाच्या दृष्टीने निकडीचा विषय. शंखपुष्पी या एका नावाने देशात किमान चार वनस्पती विकल्या जातात. आयुर्वेदिक फार्माकोपियाने कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस मान्य केली आहे. आपल्या माळावर निळ्या चिमुकल्या फुलांची विष्णुक्रांत, म्हणजे इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस, उगवते. केरळात गोकर्ण घेतात, बंगालात कॅन्सकोरा. जीवंतीचीही तीच गत : आपल्याकडे लेप्टाडेनिया, दक्षिणेत होलोस्टेमा.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने एका व्यापाऱ्याकडून शंखपुष्पी पंचांगाचे एक पोते घेतले. उघडून पाहता त्यात तीन प्रकारची खोडे निघाली. खात्री करून घ्यावी म्हणून ती घेऊन इंदापूर तालुक्यातील एका माळावर मेंढरे चारणाऱ्या वृद्ध धनगर बाबांना दाखविली. त्यांनी हाताने चाळून एक ढीग वेगळा केला आणि म्हणाले, “ही आमच्या माळाची. बाकीची आम्हाला ठाव न्हाई.” पुढे त्यांनी सहज सांगितले की, ही वेल चरलेल्या बुटक्या गवतात असते, जेथे कुंपण घालून गवत कमरेइतके वाढू दिले तेथे ती दिसेनाशी होते, आणि लावलेल्या झाडांखाली तर नाहीच.

हे आप्तवचन झाले. परंतु चरकाने आप्तोपदेशासोबत प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती यांचीही परीक्षा सांगितली आहे. म्हणून आम्ही एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशी लाकडी चौकट करून घेतली. चराऊ माळ, कुंपणातील माळ आणि लागवडीखालील माळ अशा तीन ठिकाणी प्रत्येकी वीस वेळा, जागा निवडून न घेता, ती टाकली आणि आतील विष्णुक्रांतीची रोपे मोजली. बाबांचे पहिले म्हणणे खरे ठरले. दुसरे मात्र पूर्ण खरे ठरले नाही : लागवडीखाली, जेथे झाडे मेली होती त्या उघड्या जागी, ती भरपूर होती. हे सांगताच बाबा हसून म्हणाले, “मग सावलीच नडती म्हना की.” आमच्या मोजणीचा निष्कर्ष त्यांनी आमच्याआधी काढला.

चराईमुळे माळ नासतो असे वनाधिकारी म्हणतात, चराईशिवाय माळ राहत नाही असे मेंढपाळ म्हणतात. किती मेंढरे, किती दिवस आणि कोणत्या ऋतूत, हे विचारल्याशिवाय दोन्ही विधाने अपुरी आहेत. आणि हे तर चौकटीनेच कळावयाचे.

ज्यांना हे करून पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी दोन-तीन सूचना. मेंढपाळाला प्रथम ‘ही कशावर चालते’ असे विचारू नये. उत्तर आपल्याला आवडेल असेच मिळते. नाव, जागा, ऋतू आणि पूर्वीपेक्षा पडलेला फरक विचारावा. प्रत्येक वनस्पतीचा मूळ, फूल व शक्य तर फळ यांसह नमुना वर्तमानपत्रात दाबून वाळवावा, त्यावर स्थळ, दिनांक आणि स्थानिक नाव लिहावे. पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राकडून किंवा आघारकर संशोधन संस्थेकडून त्याची ओळख पटवून घ्यावी. औषधशाळेत येणाऱ्या प्रत्येक पोत्याशी तो नमुना ताडून पाहावा.

मेंढपाळाला विचारावयाचा आणखी एक प्रश्न गोखरूविषयी आहे. दक्षिण आफ्रिकेत आपला सराटा, म्हणजे ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस, चरणाऱ्या मेंढ्यांना कावीळ होते आणि उन्हात त्यांचे तोंड सुजते. या रोगाचा संबंध तेथील पशुवैद्यकांनी सराट्यातील स्टिरॉइडयुक्त सॅपोनिनांशी जोडला आहे. आपण गोक्षुराचे गुण सांगताना ज्या सॅपोनिनांचा अभिमानाने उल्लेख करतो, त्यांच्याच वर्गातील ही द्रव्ये! आपले धनगर पावसानंतर कोमेजलेल्या सराट्यावर मेंढरे सोडतात की टाळतात, हे माळावर जाऊन विचारण्यासारखे आहे. उत्तर काहीही आले तरी संग्रहकाल ठरविताना ते उपयोगी पडेल.

शेवटी औषधशाळांच्या मालकांसाठी कायद्याची बाजू. जैवविविधता कायदा २००२ चा. त्यातील २०२३ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली. संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान, लागवडीची औषधी वनस्पती आणि उपजीविकेसाठी चिकित्सा करणारे नोंदणीकृत आयुष चिकित्सक यांना तिने राज्य जैवविविधता मंडळास पूर्वसूचना देण्यापासून सवलत दिली आहे. परंतु माळावरून गोळा केलेली वन्य वनस्पती व्यापारी प्रमाणावर वापरणारी औषधशाळा आणि कोठेही लिहिलेले नसलेले वैदू–धनगरांचे तोंडी ज्ञान या सवलतीत आपोआप येते, असे कोणी समजू नये. भारतीय कंपन्यांनाही लाभाचा वाटा द्यावा लागतो, असा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिव्य फार्मसीच्या प्रकरणात दिला होता. प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिची लोकजैवविविधता नोंदवही असावी, असे कायदा सांगतो. आपल्या गावची वही मागून पाहावी. तीत विष्णुक्रांतीचे नाव आहे काय, आणि ती दाखविणाऱ्याचे, त्याच्या संमतीने, नाव आहे काय, हे दोन्ही तपासावे. वही कोरी असेल तर पहिली नोंद करण्यास भाद्रपद–आश्विन हा काळ उत्तम. तेव्हा माळावर फूलही असते आणि मेंढरेही.