जीएसटीचा दर बदलला, व्ह्यू बदलला... आणि जुनी बिलंही बदलली!

व्ह्यू कसा बदलायचा ते व्हिडिओत पाहिलंत. इथे तेच सावकाश बघू. पण आधी माझी चूक सांगतो.

22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे नवे दर लागू झाले. टूथपेस्ट 18 टक्क्यांवरून 5 वर आली. गोरेगावच्या माझ्या दुकानाची बिलं मायएसक्यूएलमध्ये आहेत. टेबलात फक्त टॅक्सआधीची किंमत. टॅक्स काढायचं काम 'बिल_टॅक्स' या व्ह्यूचं, आणि दर थेट त्याच्या क्वेरीत लिहिलेला. त्या दिवशी घटस्थापना, गर्दी होणारच. सकाळी घाईघाईत 18 च्या जागी 5 टाकले आणि काउंटरवर बसलो. नवी बिलं एकदम बरोबर!

ऑक्टोबरमध्ये जीएसटीआर-1 साठी सप्टेंबरचा रिपोर्ट काढला, तर 1 ते 21 तारखेच्या बिलांवरही 5 टक्केच. 118 रुपयांना विकलेली पेस्ट म्हणजे 100 माल, 18 टॅक्स. रिपोर्ट म्हणतो टॅक्स 5! गिऱ्हाइकाकडून घेतलेले 13 रुपये हिशोबात नाहीतच. हे एका पेस्टचं. तीन आठवड्यांचं तुम्हीच बघा. नशीब, रिटर्न भरायच्या आधी सापडलं.

असं का झालं?

व्ह्यूमध्ये डेटा नसतो, फक्त क्वेरी साठवलेली असते. उघडाल तेव्हा ती टेबलावर नव्याने चालते. चष्म्याची काच बदलली की कालचा मालही नव्या रंगात दिसणार, तसंच हे.

बदलताना या चार पायऱ्या

1. 'शो क्रिएट व्ह्यू' चालवून जुनी क्वेरी फाइलमध्ये ठेवा. फसलात तर परत येता येतं.
2. मागच्या महिन्याची टॅक्सची बेरीज कागदावर लिहा. मग नवी 'सिलेक्ट' आधी एकटी चालवून बघा.
3. 'क्रिएट ऑर रिप्लेस व्ह्यू' वापरा. 'ड्रॉप' करून पुन्हा बनवलात तर मधल्या वेळात त्यावरचे रिपोर्ट अडतात. पोस्टग्रेएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये दिलेल्या परवानग्याही जातात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये 'रिप्लेस' करताना नवा कॉलम फक्त शेवटी जोडता येतो, जुना काढता येत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'ऑल्टर व्ह्यू' आहे. एसक्यूलाइटमध्ये मात्र ड्रॉप करण्याशिवाय इलाज नाही.
4. मागच्या महिन्याची बेरीज पुन्हा काढा. एक रुपयाही हलला तर थांबा.

मी चौथी पायरी केली असती, तर पाच मिनिटांत कळलं असतं.

पक्की दुरुस्ती

दर व्ह्यूमध्ये लिहायचाच नाही. मी 'दर' नावाचं वेगळं टेबल केलं: माल, टक्के, लागू तारीख. टूथपेस्टच्या दोन ओळी: 18 टक्के, 1 जुलै 2017 पासून; 5 टक्के, 22 सप्टेंबर 2025 पासून. व्ह्यू आता बिलाची तारीख बघतो आणि त्या तारखेपर्यंत लागू झालेल्या दरांपैकी सगळ्यात अलीकडचा उचलतो. उद्या दर पुन्हा बदलला तर फक्त एक ओळ वाढवायची, व्ह्यूला हातही लावायचा नाही.

गृहपाठ: आज दुकान बंद केल्यावर तुमचा व्ह्यू उघडा. त्यात टक्क्याचा आकडा थेट लिहिलेला दिसला, तर तो आजच बाहेर काढा. भेटू पुढच्या व्हिडिओत!