सोन्या-रुप्याने विकत घेतलेला आधार

आजचे वाचन : 2 इतिहास 16:1-12

जेरह कूशी 10 लाख सैन्य आणि 300 रथ घेऊन चालून आला, तेव्हा आसा राजाने परमेश्वराचा धावा केला आणि जय मिळाला. पुढे राज्याच्या 36व्या वर्षी इस्राएलच्या बाशाने रामा बांधून वाट अडवली. त्याच आसाने आता मंदिरातले सोने-रुपे काढून दिमिष्कला, अरामाचा राजा बेनहदाद ह्याच्याकडे पाठवले.

आणि बघा, काम झाले! बाशाने रामा सोडले. तिथल्या दगड-लाकडांनी आसाने दोन नगरे बांधली. तरी हनानी द्रष्ट्याने ह्याला मूर्खपणाच म्हटले. कूशी सैन्य मोठे असूनही देवाने सोडवले होते, हे आसा विसरला होता.

चुकीची आशा फसली तर माणूस लवकर देवाकडे परततो. ती सफल झाली की मन कठीण होते. आसाने हनानीला कैदेत टाकले. तीन वर्षांनी पायांना भारी रोग झाला, तेव्हाही तो फक्त वैद्यांकडेच गेला. वैद्याकडे जाणे पाप नाही. पण परमेश्वराला विचारायचेच राहून गेले.

आपलेही असेच होते. मोठ्या साहेबांची ओळख निघाली, बँकेतली ठेव वाढली, की प्रार्थना आखूड होते. अडचणीत आपण पहिला फोन कोणाला लावतो, आणि गुडघे कधी टेकतो?

प्रार्थना : हे प्रभू, आमचे काम झाले तरी तुला विसरू देऊ नकोस. येशूच्या नावाने मागतो, आमेन.