एक पत्र, हजार वाचक

गावातील पारावर पाचपंचवीस माणसे जमली, की बोलणे सहज सुरू होते. एकाने बातमी सांगावी, दुसऱ्याने शंका काढावी, तिसऱ्याने तिचे निरसन करावे. परंतु अशा सभेला मर्यादा असते ती आवाजाची. जो तेथे हजर नाही, त्याला त्यातले काहीच मिळत नाही. छापखाना आला आणि ही मर्यादा पुष्कळ अंशी दूर झाली. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हापासून मराठी वर्गणीदाराला घरबसल्या वृत्त वाचता येऊ लागले. तथापि वर्तमानपत्र बोलते अधिक, ऐकते कमी. वाचकाने पत्र लिहावे, संपादकाने ते निवडावे, मग ते छापले जावे. एवढ्यात चर्चेचा रंग बहुधा ओसरलेला असतो.

पारावरचा संवाद आणि वर्तमानपत्राचा विस्तार ही दोन्ही एकत्र आली ती संगणकामुळे. १९६९ साली अमेरिकेत काही संगणक तारांनी एकमेकांस जोडण्यात आले. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अभियंत्याने त्या जाळ्यातून एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठवून दाखविले. हेच ई-मेल. एकाला पत्र पाठविता येते, तर तेच शंभरांना का पाठवू नये, हा विचार लोकांना लवकरच सुचला. त्यातून टपालयादी जन्मास आली.

तिची रचना सोपी आहे. चर्चेसाठी एकच सामाईक पत्ता ठरवितात. त्या पत्त्यामागे सभासदांच्या नावांची यादी असते. एखाद्याने सामाईक पत्त्यावर पत्र धाडले, की त्याची एकेक प्रत यादीतील प्रत्येकास पोचते. त्याला कोणी उत्तर दिले, तर तेही सर्वांना मिळते. काही याद्यांवर मात्र केवळ चालकच लिहितो व बाकीचे वाचतात. सूचना व वृत्ते कळविण्यास ही दुसरी पद्धत उपयोगी पडते.

प्रारंभी ही यादी माणूस सांभाळीत असे. नाव घालायचे किंवा काढायचे, तर त्याला विनंती करावी लागे, आणि तो सवडीने ते काम करी. १९८६ साली पॅरिसमध्ये शिकणाऱ्या एरिक थॉमस या विद्यार्थ्याने ‘लिस्टसर्व्ह’ नावाचा कार्यक्रम लिहिला. संगणकालाच ठराविक शब्दांची आज्ञा पाठविली, की नाव आपोआप नोंदले जाई. दुसरी आज्ञा पाठविली, की ते निघून जाई. माझ्या मते या दोहोंत दुसरी सोय अधिक मोलाची. ज्या सभेतून उठून जाता येत नाही, ती सभा नव्हे, कोंडवाडा!

दुसरे साधन फलकाचे. टपाल आपल्या घरी येते, फलकापाशी आपण जातो, एवढाच काय तो भेद. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावर असा एक फलक होता. १९८२ च्या सप्टेंबरात तेथे एकाने कोडे घातले: लिफ्टच्या भिंतीला पेटलेली मेणबत्ती लावली आहे, तळाशी पाऱ्याचा थेंब आहे आणि लिफ्टचा दोर तुटला, तर मेणबत्तीचे व पाऱ्याचे काय होईल? (उत्तर तुम्ही आपल्या विज्ञानाच्या गुरुजींना विचारावे.) चर्चा रंगली. तेवढ्यात दुसऱ्या एकाने विनोदाने सूचना लावली, की प्रयोगामुळे डावीकडच्या लिफ्टमध्ये पारा सांडला आहे व थोडी आगही लागली आहे. ज्यांनी आधीचे लेखन वाचले नव्हते, त्यांतील काहींना ती सूचना खरीच वाटली!

असे का व्हावे? आपण समोरासमोर बोलतो, तेव्हा अर्धा अर्थ चेहऱ्यावर असतो. ओठांवरचे हसू, आवाजातील चढउतार, डोळ्यांतील मिस्कीलपणा यांमुळे थट्टा ही थट्टा म्हणून कळते. कागदावर वा पडद्यावर उरतात ती केवळ अक्षरे. मग थट्टा ओळखावी कशी, यावर त्याच फलकावर खल सुरू झाला. १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फालमन या प्राध्यापकांनी सुचविले, की विनोदाच्या शेवटी अपूर्णविराम, आडवी रेघ व कंस अशी खूण करावी, आणि ती मान डावीकडे कलवून पाहावी: :-) हा आडवा झालेला हसरा चेहराच होय. आज आपण जी चेहऱ्यांची चित्रे पाठवितो, त्यांची ही आजी म्हणावी.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून खुले झाले. लगेच पुढच्या वर्षी, म्हणजे १९९६ मध्ये, ‘मायबोली’ हे मराठी संकेतस्थळ सुरू झाले आणि घरापासून हजारो कोस दूर असलेल्या मराठी माणसांना आपल्या भाषेत गप्पागोष्टी करण्यास एक पार मिळाला.

या साधनांत एक धोका आहे. उत्तर एकास द्यावयाचे की सर्वांस, हे न पाहता पत्र धाडले, तर खासगी शब्द शेकडो घरी पोचतो. ऐकणाऱ्यांना गंमत वाटते. ज्याचा शब्द गेला, त्याला ती वाटत नाही.

शिवाय हे लेखन टिकतेच असे नाही. ‘याहू ग्रुप्स’ या सेवेवर असंख्य मंडळांची चर्चा वर्षानुवर्षे साठली होती. डिसेंबर २०२० मध्ये ती सेवा कायमची बंद झाली. ज्यांनी आपली पत्रे आधीच उतरवून घेतली होती, त्यांचीच तेवढी वाचली. फालमन यांचे ते छोटे पत्रही कित्येक वर्षे कोणाजवळ नव्हते. २००२ साली काही मंडळींनी विद्यापीठाच्या जुन्या चुंबकीय फिती हुडकून काढल्या, त्या वाचण्याजोगे यंत्र मिळविले, आणि तेव्हा कोठे ते पत्र पुन्हा हाती आले.