घामोळे का येते?

उन्हाळ्यात शाळा सकाळची भरते. सुटल्यावर घरी पोचेपर्यंत सदरा पाठीला चिकटतो. एक-दोन दिवसांत मानेवर, पाठीवर, काखेत बारीक लाल पुरळ उठते आणि सुया टोचल्यासारखे चुणचुणते. आजी म्हणते, "घामोळं आलंय गं!"

हे घामोळे येते कसे?

आपल्या कातडीत २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. त्यांतून घाम बाहेर येतो. तो सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो. माठातले पाणी याच रीतीने गार होते. नीरा डाव्या कालव्याच्या चारीत पालापाचोळा अडकला, की पाणी तुंबते आणि बांध फोडून भलतीकडे शिरते, हे तुम्ही पाहिले असेल. घर्मग्रंथीचे तोंड बुजले की तसेच होते. घाम आतल्या आत साठतो आणि कातडीवर फोड येतात.

बारामती-इंदापूरकडे चैत्र-वैशाखात ऊन कडक, पण हवा कोरडी. त्यामुळे घाम चटकन सुकतो. वळवाच्या पावसाआधी मात्र आभाळ भरते, वारा पडतो, हवा दमट होते. घाम सुकतच नाही. उसाच्या फडातही वारा लागत नाही. अशा वेळी घामोळे जास्त येते.

करून पाहा : दोन ओले रुमाल घ्या. एक उघडा ठेवा, दुसरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. तासाभराने कोणता सुकला? आता सांगा, टेरिकॉटचा घट्ट सदरा बरा की सुती सैल?

उपाय :

१. सावलीत, वाऱ्याला बसावे.
२. दोन वेळा साध्या गार पाण्याने अंघोळ करावी. अंग खसाखसा न पुसता टिपून घ्यावे.
३. सुती, सैल कपडे घालावेत. घामाचा कपडा लगेच बदलावा.
४. खाजवू नये. नखे कापावीत.
५. फार खाज असेल, तर दवाखान्यात विचारून कॅलामाइन लावावे.

अंग गार राहिले, की बहुधा दोन-चार दिवसांत घामोळे आपोआप जाते.

घामोळ्यावर तेल चोळू नये, पावडरीचे थर देऊ नयेत. त्याने बुजलेली तोंडे आणखी बुजतात. गार पाण्यासाठी कालव्यात किंवा उजनीच्या पाण्यात एकट्याने तर कधीच उतरू नये.

घरात तान्हे बाळ असेल, तर जास्त जपा. त्याच्या घर्मग्रंथींच्या नळ्या पुरत्या वाढलेल्या नसतात. तरी आपण मायेने त्याला टोपडे घालतो, दुपट्यात गुंडाळतो, वर पावडर फासतो. पावडर श्वासावाटे त्याच्या छातीत जाते. आजीला उलट बोलू नका. हा धडा उतरवून न्या आणि तिला वाचून दाखवा.

फोडांत पिवळा पू झाला, ताप आला, किंवा बाळ दूध पिईना, तर घरी थांबू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. उन्हात कुणाचे अंग फार तापले आणि तो बरळू लागला, तर ते घामोळे नव्हे, उष्माघात आहे. त्याला सावलीत आणून अंग ओले करावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर फोन करावा.

प्रश्न :
१. माठ आणि आपले अंग यांत सारखे काय?
२. घामोळ्यावर तेल का चोळू नये?
३. तुमच्या घरी बाळाला उन्हाळ्यात कोणते कपडे घालतात? पाहून लिहा.